वीज काढून पाहणाऱ्या मॅडम

“बरं. आता वीज काढ त्याची.”

नवीन चिप घेऊन कुणी त्यांच्या टेबलापाशी आलं आणि तिचे गुण सांगून सांगून दमलं, की मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि एवढंच म्हणायच्या. आवाज चढवायच्या नाहीत. समोरचा माणूस कितीही शिकलेला असो, त्याचा चेहरा घडीभर कोरा व्हायचा. चिप चालू असताना काय काय करते हे तो पाठ करून आलेला असायचा. बंद पडल्यावर ती कशी वागते हे विचारणारं कुणी त्याला आजवर भेटलेलं नसायचं.

“चालू असतानी सगळेच गुणाचे असतेत,” मॅडम म्हणायच्या आणि पुढचा चहा सांगायच्या.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल, ज्याच्या एका वाक्याची सगळे नक्कल करतात आणि त्याच वाक्याला मनातून घाबरून असतात. आमच्याकडे कॅन्टीनचं नवं मिक्सर आलं तेव्हाही कुणीतरी म्हणालं होतं, “मॅडमला दाखवलं का? वीज काढून?” मॅडमनी ते ऐकलं आणि गंभीर चेहऱ्यानं मिक्सरचा प्लग काढून पाहिलाही. मग स्वतःच हसत सुटल्या.

आमची कंपनी नागपूरजवळ, हिंगण्याच्या एमआयडीसीत. लहानशीच. बस, टेम्पो, अँब्युलन्स अशा गाड्यांमध्ये बसणारी इलेक्ट्रॉनिक युनिटं आम्ही बनवतो. मी डिप्लोमा करून शहराच्या पार पलीकडच्या कन्हानहून तिथं लागले. रोजची बस, मग सिटीतून दुसरी बस. बस उशिरा आली की मी धावत पळत मीटिंगमध्ये शिरायची आणि दर वेळी पाहायची, की मीटिंग सुरू झालेली नाही. नंतर कळलं, मॅडम सगळ्यांना थांबवून ठेवायच्या. “कन्हानची बस याची आहे अजून,” असं म्हणून त्या खुशाल डबा उघडून लोणच्याची फोड चघळत बसायच्या.

त्यांचं काम काय, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आजच्या बसमध्ये प्रत्येक भागाचं आपलं छोटं युनिट असतं. दाराचं वेगळं, दिव्यांचं वेगळं, ड्रायव्हरच्या समोरच्या, सगळ्या खुणा दाखवणाऱ्या पाटीचं वेगळं. ही सगळी युनिटं दोनच तारांवर एकमेकांशी बोलतात. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. युनिटचा मेंदू निराळा असतो. त्याचं तोंड आणि कान म्हणजे ट्रान्सीव्हर नावाची चिप, हरभऱ्याच्या डाळीएवढी. बाजारात असल्या चिपा ढिगानं मिळतात आणि डेटाशीट, म्हणजे कंपनीनं छापलेलं माहितीपत्रक, वाचलं तर प्रत्येकच सर्वगुणसंपन्न. त्यातली आपल्या गाडीला कोणती घ्यायची, हे मॅडम ठरवायच्या.

त्या डेटाशीटवर ठरवत नसत. त्यांच्याकडे भिंतीला लागून प्लायवूडचा एक लांब फळा होता. त्यावर एका भंगारात निघालेल्या बसची अख्खी वायरिंग ठोकलेली. कोराडीच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या कर्मचाऱ्यांना ने-आण करणारी ती बस होती. वायरच्या वळ्यांमधली राख कितीही पुसली तरी बोटाला लागायची. मॅडमचं बालपण त्याच कोराडीच्या कॉलनीत गेलेलं. वडील तिथं कामाला. “ह्या बशीनं मी शाळेत गेली असन नाहीतर माह्या बापाचा डबा तरी गेला असन,” असं त्या म्हणायच्या. बस तेवढी जुनी नव्हती, पण त्यांना हे सांगायची हिंमत कुणात नव्हती.

त्या वायरिंगवर ठिकठिकाणी युनिटं जोडलेली, आणि प्रत्येकाला नातेवाइकाचं नाव. ड्रायव्हरच्या पाटीचं युनिट म्हणजे मामा. दिव्यांचं म्हणजे मावशी. सारखी बडबड करणारं ब्रेकचं युनिट म्हणजे आत्या. अगदी टोकाला, मागच्या दाराचं, ते आजोबा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी काही उमजायचं नाही. “मावशी गप्प झाली काय? आत्याले थोडं थांबव. आजोबा ऐकून राह्यले का पाह्य.” मलाही आधी वाटलं, फोनवर घरच्यांशी चाललंय.

एकदा बंगळूरहून एका मोठ्या चिप कंपनीचा तरुण आला होता. टाय वगैरे. पडद्यावर आलेखांमागून आलेख. मॅडमनी सगळं शांतपणे पाहिलं. मग आजोबांच्या जागी त्याची चिप बसवली आणि म्हणाल्या, “वीज काढ त्याची.” त्यानं काढली. मावशी, आत्या, मामा सगळे एकदम अडखळायला लागले. तो म्हणाला, “पण मॅडम, बंद असलेलं युनिट तुम्ही गाडीत ठेवणारच का?”

“मी नाही ठेवत गा. ड्रायव्हर ठेवते.”

मग त्यांनी त्याला सांगितलं. दार उघडं राहिलं की आपलं युनिट भोंगा वाजवतं. दिवसभर त्या भोंग्यानं डोकं उठलं की ड्रायव्हर काय करतो? फ्यूज उपटतो आणि खिशात टाकतो. झालं, युनिट बंद. पण त्याची चिप तारांना चिकटलेलीच आहे. ती जर तारांमधला जोर ओढत राहिली, तर बाकीच्यांचं बोलणंही कुणाला नीट ऐकू जात नाही. “आपण तर बंद पडलेच, दुसऱ्यायलेही बोलू देत नाही. असा माणूस घरात ठेवशीन का तू?” ही माहिती त्यांना कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. दर महिन्याला एखादी सुटी मॅडम कुठल्यातरी बसमध्ये बसून घालवत. ड्रायव्हरच्या मागची सीट पकडायची, तिकीट काढायचं आणि त्याच्याशी गप्पा मारत शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं. घरच्यांना वाटायचं ह्या नातेवाइकांकडे चालल्यात.

त्या तरुणाला मात्र त्यांनी हिरमुसून जाऊ दिलं नाही. संत्रा बर्फीचा डबा हातात दिला. “तुह्या आईले दे. अन् साहेबाले सांगजो, आलेख मले पण काढता येते.”

उन्हाळ्यात तर त्यांच्या अंगात यायचं. चिपा तापवून पाहायला आमच्याकडे एक भट्टी आहे, विजेवर चालणारी. मॅडमना ती आवडायची नाही. “नागपुरात मे महिन्यात भट्टी लावाची म्हंजे गोसेखुर्दच्या धरणात बादली घेऊन पाणी टाकाले जाणं होय.” त्या सरळ मालकांच्या पांढऱ्या गाडीत युनिटं ठेवायच्या, काचा बंद करून, भर उन्हात. आमचे मालक म्हणजे भैयाजी. सगळे त्यांना त्याच नावानं हाक मारतात. ते दुपारी गाडीत बसायला गेले की सीटवर आत्या आणि मावशी वायरींसकट पसरलेल्या. भैयाजी वैतागून परत वर यायचे आणि मॅडमच्या समोर येऊन गपचूप बसायचे. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून मॅडम तिथं होत्या. त्या रागावल्या तर भैयाजींना अजूनही शाळेत असल्यासारखं वाटायचं, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं.

मॅडमचे सगळेच निर्णय शहाणपणाचे असत असं मात्र समजू नका. त्यांचे हट्ट पण तेवढेच. एका कंपनीच्या चिपला त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर जागा दिली नव्हती. का, तर फार पूर्वी त्या कंपनीचा माणूस आला होता आणि त्यानं मॅडमकडे पाहून विचारलं होतं, “साहेब कुठं बसतात?” चिप चांगली होती की वाईट, ते कुणाला माहीत नाही. मॅडमनी पाहिलीच नाही. “त्याले साहेबच पाह्यजे होते न? तर साहेबालेच विकू दे.” आम्ही त्या चिपला साहेबवाली म्हणायचो.

यंदाच्या उन्हाळ्यात शाळेच्या बसचं काम आलं. मागचं दार उघडं असेल तर ड्रायव्हरच्या समोर लाल दिवा लागला पाहिजे, हे मुख्य. शाळा सुरू व्हायच्या आत युनिटं हवी होती आणि नेमकी त्याच वेळी आमची जुनी, भरवशाची चिप बाजारातून नाहीशी झाली. कंपनीनं ती बनवणंच बंद केलं. आता समोर दोन होत्या. एक नवीच आलेली, ताबडतोब मिळणारी. दुसरी साहेबवाली.

आणि त्याच सुमारास मॅडमच्या पोटात गाठ निघाली.

त्यांनी ते सगळ्यांना एकाच दमात सांगितलं, मीटिंग संपताना. “पुढच्या बुधवारी ऑपरेशन आहे. त्याच्याआधी शनिवारी येऊन चिप ठरवून देतो, सोमवारी तुम्ही माल बुक करा. पोरायची बस आहे, यात चूक नको.” कुणी काही बोलायच्या आत त्या उठून गेल्या. मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेले. त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “तू काहून तोंड पाडून राह्यली? गाठ मले आहे.”

शनिवारी त्या आल्या. सुनेनं स्कूटीवरून आणून सोडलं. तेवढ्या दिवसांत त्या अर्ध्या झाल्या होत्या. ड्रेसच्या बाह्या लोंबत होत्या. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, कुणी हात लावू नका, मी करतो. आजोबांच्या युनिटमध्ये नवी चिप बसवून आम्ही तयार ठेवली होती. त्यांनी लॅपटॉपची वायर लावून त्यात प्रोग्राम टाकला, मग सगळा फळा चालू केला. नाती बोलायला लागली. मग त्यांनी स्वतःच्या हातानं आजोबांचा प्लग उपटला.

सगळे बोलतच राहिले. मामांच्या पाटीवर एकही गडबड नाही. मॅडमनी कूलर बंद करायला लावला. खोली तापली, आमच्या पाठी ओल्या झाल्या, त्या मात्र बघत बसल्या. बराच वेळ गेला. काही बिघडलं नाही.

“हे घ्या,” त्या म्हणाल्या.

भैयाजींना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांसाठी समोसे मागवले. मॅडमनी अर्धा समोसा हातात धरला, खाल्ला नाही. जाताना फळ्यावरून एकदा हात फिरवला आणि बोटाची राख ओढणीला पुसली. फळा चालूच ठेवा, सोमवारपर्यंत चालू द्या, असं सांगून त्या गेल्या.

सोमवारी मला सकाळची पहिली बस मिळाली. ऑफिसात कुणी नव्हतं. खिडक्या अजून उघडल्या नव्हत्या, खोलीत अंधार होता, म्हणूनच मला ते दिसलं. आजोबांचा प्लग टेबलावर उपटून पडलेला होता आणि तरी त्यांच्या युनिटवरचा हिरवा दिवा मिणमिणत होता. शनिवारी भर उजेडात तो कुणाच्या लक्षात आला नव्हता.

मी वाकून पाहिलं. लॅपटॉपची वायर तशीच लागलेली होती. प्रोग्राम टाकून झाल्यावर ती काढायची राहिली होती आणि लॅपटॉपमधून युनिटला थोडी थोडी वीज मिळत होती. म्हणजे आजोबा बंद नव्हतेच. नुसते डोळे मिटून पडले होते.

मी वायर काढली. हिरवा दिवा विझला. मामांच्या पाटीवर आधी एखादा निरोप गळला, मग दोन-चार, मग पाटी अडकलीच. मी पुढचं दार उघडल्याची खूण दिली, पाटीवर दार बंदच दिसत राहिलं. मी पुन्हा केलं. दुसरं युनिट लावून केलं. कूलर बंद करून केलं, चालू करून केलं. दर वेळी तेच.

मॅडमकडून चूक झाली होती. आयुष्यभर जी एक गोष्ट त्या दुसऱ्यांना करायला लावत आल्या, नेमकी तीच त्यांच्या हातून राहिली होती. आजारानं, थकव्यानं, कशानं का असेना. दुपारपर्यंत ऑर्डर जाणार होती, परवा ऑपरेशन होतं. त्यांना हे आत्ता सांगणं मला फार निर्दय वाटत होतं. आणि न सांगता परस्पर चिप बदलणं त्याहून वाईट, कारण मग तो शनिवार म्हणजे आजारी बाईची समजूत काढायला मांडलेला खेळ ठरला असता. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. शेवटी रिक्षा केली आणि अख्खं शहर ओलांडून इंदोरा भागातल्या त्यांच्या घरी गेले.

मॅडम दिवाणावर बसल्या होत्या. समोर कूलरचा धडधडाट. सून दवाखान्याची पिशवी भरत होती, टॉवेल, ग्लास, चादर. भिंतीवरच्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्याजवळ जुन्या चिपांची एक बरणी, लोकांच्या घरी शंखशिंपले असतात तशी.

“काहून वं? कामावर नाही गेली?”

मी पाणी प्यायले. आडवळणानं सांगायचं ठरवलं होतं, पण त्यांच्याकडे पाहिल्यावर ते जमलं नाही.

“मॅडम, शनिवारी आजोबा बंद नव्हते.”

“म्हंजे?”

“लॅपटॉपची वायर लागलेली होती. त्यातून वीज येत होती. आज दिवा दिसला. वायर काढली तर सगळी लाइन बसली.”

त्यांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. सुनेचा हात पिशवीतच थांबला. मॅडमचा चेहरा मी इतका उघडा कधी पाहिला नव्हता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“वायर मीच लावली होती,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“अन् मीच काढाची राह्यली.”

“हो.”

होतं असं कधी कधी, चालायचंच, असलं काही म्हणायला मन धावत होतं. पण असलं बोललेलं त्यांना खपलं नसतं.

“पुन्हा करून पाह्यलं?”

“पुन्हा पुन्हा. दुसरं युनिट लावून पण.”

“कूलर बंद करून?”

“बंद करून पण, चालू करून पण.”

त्यांनी मान हलवली. आणि मग एकदम भडकल्या. “मंग इथं काहून आली?”

“तुम्हाला विचारायला.”

“काय इचाराले? चालत नाही हे तुले माहीत आहे. तू डोळ्यानं पाह्यलं. मंग मले इचारून का होणार आहे? भैयाजीले सांगाचं सोडून तू रिक्षात बसून इकडे आली? अन् परवा मी बेहोश राहीन टेबलावर. तवा कोणाले इचारशीन?”

सून म्हणाली, “आई, हळू.” मॅडमनी तिच्याकडे पाहिलंही नाही. “लाव फोन. इथंच लाव. माह्यासमोर.”

मी भैयाजींना फोन लावला. मॅडमनी खूण केली म्हणून स्पीकर चालू केला.

“अरे, कुठं आहेस? इकडं ऑर्डर निघून राहिली आहे.”

“भैयाजी, ऑर्डर थांबवा. ती चिप चालणार नाही.”

“काय बोलून राहिली तू? मॅडमनी पास केली न ती? आपल्यासमोर?”

“केली होती. पण टेस्टमध्ये चूक राहिली होती. युनिट पूर्ण बंद झालं नव्हतं.”

“मॅडमला विचारलं का?”

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि मान नकारार्थी हलवत होत्या, हळूहळू, एखाद्या लहान मुलाला दुसरी चकली नाही म्हणावी तशी. त्यांचा एक शब्द पुरला असता. भैयाजींनी पुढचा प्रश्नही केला नसता. तो शब्द त्या देत नव्हत्या.

“भैयाजी, हे मी सांगते आहे,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “ही चिप बंद पडली की बाकीच्यांचं बोलणं अडवते. कुठलंही एक युनिट बंद पडलं, तर मागचं दार उघडं असलं तरी ड्रायव्हरला बंद दिसेल. मी हिला हो म्हणणार नाही. दुसरी आज दुपारी फळ्यावर लावते, सगळ्या वायरी काढून. तुम्ही समोर बसून पाहा.”

“अन् हे काम हातचं गेलं तर? बसवाला थांबणार आहे का?”

“त्याच्याशी मी बोलते.”

“अन् मॅडमला काय सांगायचं?”

“जे झालं ते.”

त्यांनी एक लांब श्वास सोडला. “ठीक आहे. रोकतो मी. पण संध्याकाळी पक्कं पाहिजे.” फोन बंद झाला.

मॅडमनी डोळे उघडले. “दुसरी म्हंजे साहेबवाली?”

“हो.”

“मले ते चालत नाही.”

“माहीत आहे, मॅडम.”

“तरी लावशीन?”

“लावीन. चांगली निघाली तर घेईन.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं की आणखी कशानं, मला कळलं नाही. मग त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. “जाय मंग,” एवढंच म्हणाल्या. सून मला फाटकापर्यंत सोडायला आली. तिचा चेहरा उतरलेला होता. “आज सकाळपासून काही खाल्लं नाही त्यायनं,” ती म्हणाली. मी रिक्षात बसले आणि रस्ताभर रडले. जिनं मला उभं केलं, तिला मी अशा वेळी आडवं करून निघाले आहे, असं वाटत होतं.

दुपारी साहेबवाली फळ्यावर चढली. या वेळी मी आजोबांना जोडलेली प्रत्येक वायर हातानं चाचपून पाहिली, मग प्लग काढला. आजोबा पूर्ण बंद. मावशी, आत्या, मामा सगळे नीट बोलत होते. भैयाजी कूलर बंद असलेल्या खोलीत घाम पुसत बसून राहिले आणि शेवटी ऑर्डर द्यायला गेले. बसवाल्यानं आठवडाभराची सवड दिली, थोडं ऐकवून.

मी मॅडमना मेसेज केला, “साहेबवाली पास झाली. वायर काढून.” त्यांनी तो वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. मंगळवारी फोन केला, तो सुनेनं उचलला, आई झोपल्या आहेत म्हणाली. बुधवारी ऑपरेशन झालं. दोन दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या आणि तिथून परत आल्या नाहीत.

शाळा सुरू झाल्या. आमची युनिटं लावलेली बस मला कधी कधी सकाळी कामठी रोडवर दिसते. मी सवयीनं मागच्या दाराकडे बघते. फळा अजून भिंतीला आहे. चिप ठरवायचं काम आता माझ्याकडे आलं आहे आणि मी काही म्हटलं की मुलं माझी नक्कल करतात, हेही मला कळलं आहे. पण तो सोमवार मनातून जात नव्हता. त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झालेल्या आठवल्या की मी जेवण अर्धं टाकून उठायची. मी बरोबर होते, हे मला माहीत होतं. त्याचा काही उपयोग होत नव्हता.

पावसाळा सरता सरता धीर करून त्यांच्या घरी गेले. सुनेनं चहा ठेवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग मी विचारलंच, की त्या दिवशी मॅडम माझ्यावर फार रागावल्या होत्या का.

“कोण? आई?” ती गॅसपाशी वळून उभी राहिली. “अवो, तुम्ही गेल्या अन् त्या उठून बसल्या. म्हणे, जेवाले वाढ. दोन पोळ्या खाल्ल्या, कित्येक दिवसांतून. अन् मंग जो भेटन त्याले तेच. शेजारच्या काकू आल्या, त्यायले सांगितलं. दवाखान्यात नर्सले सांगितलं, बाजूच्या पलंगावरच्या आजीले सांगितलं. ‘माह्या हाताखालच्या पोट्टीनं मले पकडलं. मी नाही म्हणून राह्यली होती, तरी ऐकलं नाही तिनं माह्यं.’ पहिले मले वाटलं, तुमची तक्रारच करून राह्यल्या. मंग पाह्यलं तर हसून राह्यल्या होत्या.”

तिनं कपात चहा गाळला.

“ऑपरेशनले नेतानी पण तेच. डॉक्टर म्हणे, आजी, आता बोलू नका. तर त्याले म्हणे, ‘तुम्ही ऐका तर, पोट्टी कन्हानची आहे.’ मंग त्यायनं ट्रॉली आत नेली अन् दार लावलं. आम्ही बाहेर उभे. तरी आतून त्यायचा आवाज येतच होता.”